रस्त्यावरचा डॉल्बी नको, मग माडीवरचा कसा चालतो?



गेल्या आठ दिवसांपासून आमच्या घरात अबोला आहे. मुलगा जेवतो, उठतो आणि ऑफिसला निघून जातो. कारण सांगते. माडीवरच्या पूर्वेच्या खोलीत त्याला होम थिएटर करायचं आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदावर मी सही केलेली नाही. "मम्मी, हप्ते मी भरणार आहे," तो म्हणाला. ते मला लागलं. तरीही सही केली नाही. का केली नाही, ते आज लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरातला राहिलेला नाही. जालन्यात आपल्या समाजाचे जे नवे बंगले उभे राहताहेत, त्यातल्या किती नकाशांवर थिएटर रूम आहे आणि किती नकाशांवर सामायिकाची खोली आहे, हे तुम्हीच आठवून बघा. वास्तुशांतीला गेलं की आधी ती अंधारी खोली दाखवतात. सामायिक कुठे करता, असं विचारलं की उत्तर मिळतं, "हॉलमध्ये होऊन जातं ना!"

आधी वस्तू समजून घेऊ, न समजता विरोध करणं बरं नाही. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. तीन स्पीकर पडद्याच्या बाजूला, दोन आपल्या बाजूला किंवा मागे, आणि सबवूफर फक्त खालच्या, घुमणाऱ्या आवाजासाठी. ७.१ मध्ये आणखी दोन स्पीकर वाढतात. ॲटमॉसमध्ये छतातूनही आवाज येतो. पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटतो, हे खरं आहे. मी एका नातेवाइकांकडे ऐकला, आणि मलाही आवडला. खोटं कशाला बोलू?

पण त्याच घरात मी आणखी एक गोष्ट पाहिली. वर मारामारी सुरू झाली तेव्हा पाणी प्यायला म्हणून मी खाली आले. खालच्या खोलीत त्यांच्या काकीसा मुँहपत्ती बांधून सामायिकात बसल्या होत्या. शेजारच्या स्टुलावरच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. काकीसांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तक्रार कोणाकडे करणार? घर मुलांचं.

भिंतींना फोम लावला की आवाज बाहेर जात नाही, असं आपल्याला सांगतात. ते अर्धवट आहे. फोम खोलीच्या आतला घुमारा कमी करतो. सबवूफरचा जाड आवाज त्याला जुमानत नाही, तो भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो. तो अडवायचा तर भिंत, छत, दार सगळंच जड आणि बंदिस्त करावं लागतं. म्हणजे खर्च दुप्पट आणि खिडकी कायमची बंद.

गंमत बघा. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून आपल्या भारतात होता. १९६५ मध्ये त्याने लंडनला कंपनी काढली. तिचं पहिलं नाव झालं ते टेपमधली सूं-सूं कमी करण्यामुळे, म्हणजे नको तो आवाज घालवण्यामुळे. आणि आपल्या महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे काय? मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हलवणारी स्पीकरची भिंत. ती दारावरून गेली की आपण कानावर हात ठेवतो, काय हे संस्कार म्हणतो. मग तीच भिंत माडीवर चढवली की प्रतिष्ठा कशी होते?

कायदाही सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. खासगी घरातल्या यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त भरता कामा नये. शेजारी तक्रार करत नाहीत ते आपल्या भिडेपोटी. संवत्सरीला आपण त्यांच्याच दारात जाऊन मिच्छा मि दुक्कडं म्हणतो. कशाबद्दल म्हणतो, याचा विचार करतो का?

आता हिशेब. मी बी.कॉम. आहे, चाळीस वर्षं फक्त किराण्याची वही लिहिली म्हणून बेरीज विसरले नाही. आम्हाला मिळालेलं कोटेशन ८ लाख ६० हजारांचं आहे. आठवड्याला दोन सिनेमे धरले तर वर्षाचे १०४, आठ वर्षांचे ८३२. म्हणजे एका सिनेमामागे हजार रुपयांहून जास्त, तेही वीज सोडून. यातले ६ लाख घरावर टॉप-अप कर्ज काढून उभे करायचे. ९ टक्क्यांनी दहा वर्षं महिना सुमारे ७,६०० रुपये, म्हणजे व्याजच ३ लाखांच्या वर. वस्तू आठ वर्षांत जुनी होणार आणि हप्ते दहा वर्षं चालणार. आमच्या कॉलेजात याला धंदा बुडवण्याची रीत म्हणायचे.

"प्रत्येक गोष्टीत धर्म कशाला आणता?" असं सूनबाई म्हणाली. तिला मी सांगितलं, साधू-साध्वींना घरच नाही, ते कशाचं परिमाण करणार? इच्छा परिमाण, उपभोग-परिभोग परिमाण ही व्रतं घर असलेल्यांसाठीच आहेत. बारा व्रतांतलं आठवं अनर्थदंड विरमण, म्हणजे गरजेशिवाय घडणारी हिंसा टाळणं. खिडकी नसलेली खोली, जालन्याचा उन्हाळा, म्हणजे सिनेमा चालू असेपर्यंत एसी. भिंतीला फोम, खाली गालिचा. पुंजणी कुठे फिरवायची? चातुर्मासात त्या बंद खोलीत ओल धरून बुरशी आली तर काय करायचं? बुरशी अनंतकाय, हे मी तुम्हाला शिकवायला नको. बटाटा घरात येऊ न देणाऱ्या आपण, त्या भिंतीमागे काय वाढतंय ते पाहणारही नाही. आणि इंद्रियांच्या पाच दृष्टांतांत आवाजाला भुलून जाळ्यात सापडतं ते हरीण आपण पाठशाळेत घोकलेलं आहे.

मुलाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. नातवंडं आपापला मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात, या खोलीमुळे सगळे एकत्र येतील, असं तो म्हणतो. दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे. अंधारात सगळे एका दिशेला तोंड करून, एकमेकांशी एक शब्द न बोलता अडीच तास बसतात, त्याला एकत्र येणं म्हणत नाहीत. हॉलमधल्या टीव्हीला दोन चांगले स्पीकर लावा. मीही बसते तुमच्यासोबत, मध्येच थांबवून नातीला गोष्ट समजावते. सिनेमाला माझा विरोध नाही. घरातली एक अख्खी खोली कायमची त्याच्या नावावर करायला आहे.

आमची पूर्वेची खोली रिकामी ठेवायची आहे. पहाटे तिथे सामायिक होईल, दुपारी मुलांचा अभ्यास होईल, कोणी आजारी पडलं तर उजेडाची जागा मिळेल. रिकामी खोली म्हणजे वाया गेलेली खोली नव्हे.

राहिली सही. हे घर माझ्या नावावर आहे, कारण स्त्रीच्या नावाने घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. तेव्हा कागदावर सही कर म्हणाले, मी केली. आपल्यापैकी कितीतरी जणींची घरं अशीच आपल्या नावावर आहेत आणि आपण नकाशात फक्त ओटा किती फुटांचा तेवढंच विचारतो. सवलतीपुरतं नाव आणि निर्णयापुरतं गप्प, हे मला मान्य नाही.

अबोला अजून सुटलेला नाही. काल रात्री मुलगा वर जाऊन त्या खोलीत थोडा वेळ उभा राहिला, खिडकी उघडली, आणि न बोलता खाली आला. मी काही विचारलं नाही. पण तुमच्या घरी नकाशा अजून टेबलावर असेल, तर आजच विचारा, आवाजाला एवढी जागा दिलीत, शांततेला किती ठेवलीत?