जुगाडाचीही वही हवी

पालकहो, काही वर्षांपासून आपल्या शाळेची फी, हजेरी आणि दाखले ऑनलाइन सॉफ्टवेअरवर आहेत. ते चांगलेच झाले. मात्र कार्यालयात घटकाभर बसले की कळते, अर्धे काम सॉफ्टवेअर करते आणि अर्धे जुगाड.

नावांचेच पाहा. नाव इंग्रजी अक्षरांत भरायचे, देवनागरी प्रणाली आपली आपण करते. इंग्रजीत ल आणि ळ यांना एकच अक्षर, म्हणून काळे आत जातात आणि काले होऊन बाहेर येतात. संगणकाला ळ येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. युनिकोडमध्ये तो आहे. केलेली दुरुस्ती प्रणाली जपत नाही, म्हणून मोठे बाबू प्रत्येक टी.सी. छापताना ळ हाताने घालतात. ते रजेवर असताना कोणी घातला नाही. एकाच घरात थोरला काळे आणि धाकटा काले झाला, आणि नागपूरच्या प्रवेशासाठी शपथपत्र करायला धावले ते वडील.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. प्रणालीच्या यादीत तेव्हा छिंदवाडाच होते, म्हणून नवा जिल्हा पत्त्याच्या रकान्यात कोंबला. कोणकोणत्या दाखल्यांत, ते आज सांगता येत नाही. (गोटमारीची सुटी तर तिला ठाऊकच नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारी शाळा गैरहजर!)

खरा घोळ फीचा. भावंडांच्या सवलतीची सोय नव्हती, म्हणून ती रक्कम आधीच वजा करून फी भरली जाई. असे सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर असते, सुधारणा तिकडूनच होते. एके दिवशी सवलतीची सोय आली. इकडे जुनी वजाबाकी चालूच! सवलत दोनदा गेली, आणि विश्वस्तांपुढे हिशेब जुळेना.

जुगाड करणे हा गुन्हा नव्हे, असे आमचे मत आहे. तो एकाच माणसाच्या डोक्यात राहणे वाईट. एक साधी वही करावी: प्रणालीत काय अडले, त्याऐवजी आपण काय करतो, कोणत्या तारखेपासून, कोणकोणत्या नोंदींत, आणि कंपनीला कधी कळवले. प्रणाली सुधारली की त्या ओळीवर तारखेसह काट मारावी. वहीत आपल्या उणिवा दिसतील, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. त्या हिशेबात दिसल्याच की!

मोठे बाबू येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होत आहेत. विश्वस्तांनी त्यांना तोवर रोज अर्धा तास मोकळा द्यावा. वही आम्ही आणून देतो.