प्रभूचं मेज कुणाच्या मालकीचं?

स्पष्टच लिहितो. काहींना झोंबेल, झोंबू द्या.

गेल्या महिन्यात आपल्याच भागातल्या एका मंडळीत प्रभुभोजन होतं. शेवटच्या बाकावर एक माणूस बसलेला. दारूपायी घर घालवलेला, आता चार महिने झाले बाटली सोडून. बायकोनं हाताला धरून आणलेला. प्रभुभोजनासाठी तो उठून पुढे निघाला, तर पंचांपैकी एकजण त्याच्या कानाला लागला. माणूस मागे फिरला तो बाकावर न बसता थेट दाराबाहेर. मी दारातच उभा होतो. चपला शोधताना त्याचे हात थरथरत होते.

मंडळीचं नाव घेत नाही, कारण दुखणं एका मंडळीचं नाही.

विचारलं तर उत्तर तोंडपाठ: "अयोग्य रीतीने खाऊ नये, पौलानं लिहिलंय." लिहिलंय ना! करिंथकरांस पहिलं पत्र, ११ वा अध्याय. पण त्याच्या चार ओळी आधीचंही वाचा की. करिंथमधले खाऊनपिऊन सुखी लोक आधीच जेवून घ्यायचे अन् गरीब उपाशी राहायचे. पौल भडकलाय तो या सुखवस्तू लोकांवर. आणि परीक्षा करायला सांगतो ती ज्याची त्यानं स्वतःची. शेजाऱ्याचा पेपर तपासायचं काम त्यानं कुणाला दिलेलं नाही.

बरं, पहिल्या प्रभुभोजनाला पंगतीला कोण होतं? कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारणारा पेत्र. शिपाई आल्यावर पळून गेलेले बाकीचे. लूक तर सांगतो, धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता. त्या रात्री आपली पंचकमिटी जिन्यात उभी असती, तर बारांपैकी वर किती पोचले असते?

मग शिस्त नको का? हवीच. त्याच पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल एकाला मंडळीबाहेर काढायला सांगतो. पण तो होता पापात राजरोस राहणारा, आणि मंडळी त्याच्यावर गप्प. पाप सोडायला धडपडणारा अन् पाप मिरवणारा यांना एकाच मापानं कसं मोजता? शिवाय सुनेला छळणारा, सावकारी करणारा कोट घालून आला तर त्याच्या कानाला कुणी लागल्याचं मी आजवर पाहिलं नाही.

आपल्या मातीतली माणसं आठवा. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला कृपासदन उघडलं. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. तिकडे कॅथलिकांचे पोप फ्रान्सिसही २०१३ मध्ये लिहून गेले की हा प्रसाद निर्दोष माणसांचं बक्षीस नाही, दुबळ्यांचं औषध आहे. आपण मात्र दवाखान्याच्या दारात उभं राहून पेशंटला म्हणतोय, आधी बरा हो, मग ये.

पाळकसाहेब, पंचमंडळी, तो माणूस त्यानंतर चर्चला आलेला नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी त्याच्या घरी जा. जक्कयाच्या घरी येशू आपणहून गेला होता. लुबाडलेल्यांना चौपट परत करीन, हे जक्कय नंतर म्हणाला.