रझाकारांची चित्रं काढाच, पण तिथंच थांबू नका

17 सप्टेंबरसाठी एका ग्रुपवर सूचना आली आहे. जिंतुरातल्या भिंतींवर रझाकारांच्या अत्याचारांची चित्रं काढा, नव्या पोरांना कळू द्या.

माझा पाठिंबा आहे. भिंतीवर मोर आणि सूर्यफुलं किती दिवस बघायची? 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. ज्यांची घरं लुटली, माणसं मारली, त्यांची नातवंडं आज मराठवाड्यातच राहतात. त्यांचं दुःख भिंतीवर आलंच पाहिजे.

पण मग पुढची चित्रंही काढा.

पोलीस ॲक्शननंतर काय झालं? केंद्र सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. मेलेले बहुतांश मुसलमान, आणि त्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेडही होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर येऊच दिला नाही.

आणि 1978? 27 जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना हाल करून मारलं. तेव्हा ना निजाम होता, ना रझाकार. जाळणारे गावातलेच होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला.

स्पेनचा गोया आठवतो. फ्रेंच सैनिक नि:शस्त्र लोकांना गोळ्या घालतायत, हे त्याचं 1814 चं चित्र जगाला माहीत आहे. त्यात मारणारे पाठमोरे आहेत, एकाचाही चेहरा दिसत नाही. आपल्याला असंच चित्र हवं असतं. मारणारा परका आणि बिनचेहऱ्याचा. पण त्याच गोयाने युद्धावर 80 मुद्राचित्रं केली, त्यात कुऱ्हाड उगारणारे स्पॅनिश गावकरीसुद्धा आहेत. ती मालिका छापून आली 1863 मध्ये, तो जाऊन 35 वर्षं झाल्यावर.

एवढ्या लांब कशाला? नागपूरचे सवी सावरकर बघा. गळ्यात मडकं, सोबत झाडू, असा पेशवाईतला अस्पृश्य त्यांनी रंगवला. त्याच्या गळ्यात मडकं कुठल्या परक्याने बांधलं होतं?

लगेच कुणीतरी म्हणेल, "जुन्या जखमा कशाला उकरता? सलोखा बिघडेल." मग रझाकारांच्या चित्राने बिघडत नाही का? त्या भिंतीसमोरून मुसलमानाचं पोरगंही शाळेत जाणार आहे. एकच चित्र असेल तर त्याला वाटेल, बोट माझ्याकडे दाखवलंय. तिन्ही असतील तर त्याला कळेल, आणि आपल्या पोरांनाही, की सत्ता आणि जमाव हाताशी असला की कुणाचाही हात उठतो.

तिन्ही चित्रं काढणार असाल तर रंगाच्या पहिल्या डब्याचे पैसे माझे. एकच काढायचं असेल, तर सरळ सांगा की आपल्याला इतिहास नको, शेजाऱ्याला खिजवायचंय.

पटत नसेल तर खाली खुशाल भांडा. फक्त शिव्या नकोत.