प्रवासाची आखणी

शनिवार-रविवारची जोडून सुटी आली, की अनेक घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. स्थळांची एक लांबलचक यादी तयार होते. पहाटे निघावयाचे, एका ठिकाणी अर्धा तास तर दुसऱ्या ठिकाणी पाऊण तास थांबावयाचे, दोन दिवसांत आठ-दहा स्थळे उरकावयाची आणि रात्री थकूनभागून घरी परतावयाचे, असा तो बेत असतो. परत आल्यावर कोणी विचारले, तर गावांची नावे भराभर सांगता येतात. परंतु त्या गावांविषयी दोन वाक्येही धड सांगता येत नाहीत. याला धावपळ म्हणता येईल. पाहणे म्हणता येणार नाही. दोन दिवसांच्या सहलीत थोडे पाहावे, पण नीट पाहावे. आणि त्याचा आरंभ आपल्या जवळच्या प्रदेशापासून करावा, हेच शहाणपणाचे होय.

जालना शहरातील एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. सुटी मिळताच त्याचे लक्ष वेरूळ-अजिंठ्याकडे जाते. ती लेणी जगप्रसिद्ध आहेत आणि प्रत्येकाने ती पाहिलीच पाहिजेत, यात शंका नाही. पण एकट्या वेरूळला 34 लेणी आहेत. त्यांतील कैलास मंदिर आठव्या शतकात एकाच खडकातून, आधी कळस व मग पाया, असे वरून खाली कोरत आणलेले आहे. ते समजून घ्यावयाचे, तर अर्धा दिवसही अपुरा पडतो. शिवाय वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. सुटीला सोमवार जोडून आला आणि ही साधी गोष्ट ठाऊक नसली, तर अजिंठ्याच्या दारातूनच परत फिरावे लागते. म्हणून अशा ठिकाणांसाठी वेगळा व पुरेसा वेळ राखून ठेवावा.

'काखेत कळसा आणि गावाला वळसा' अशी म्हण आहे. ती प्रवाशांनाही लागू पडते. जालन्याच्या उत्तरेला भोकरदन हे तालुक्याचे गाव आहे. बाजार करून परतणाऱ्या माणसाला तेथे विशेष काही दिसत नाही. पण सातवाहनांच्या काळी हेच गाव भोगवर्धन या नावाने नांदत होते. येथील माणसांनी दूरच्या सांची येथील स्तूपासाठी दान दिले आणि त्यांच्या गावाचे नाव तेथील दगडावर कोरले गेले. येथे उत्खनन झाले, तेव्हा एक हस्तिदंती मूर्ती सापडली. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या मूर्तीचे साम्य आहे. जिल्ह्यातील एका गावाचे नाते असे सातासमुद्रांपलीकडे पोचते, आणि त्याच जिल्ह्यातील मुलांना ते ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय.

आखणी म्हणजे केवळ गाड्यांच्या वेळा टिपणे नव्हे. जे पाहावयाचे, त्याची माहिती आधी करून घेणे हा आखणीचा खरा भाग आहे. याच भागातील असईचे रान पाहा. माहिती नसलेल्याला तेथे शेते, बांध आणि नदीचे पात्र एवढेच दिसेल. परंतु 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी घनघोर लढाई झाली. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्ली याला सांगितले होते. त्याने मात्र दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान केले. ते खरे ठरले. मराठ्यांच्या तोफांनी शर्थ केली, तरी जय इंग्रजांचा झाला. त्यांची सुमारे दीड हजार माणसे ठार वा जखमी झाली. पुढे 1815 मध्ये याच सेनापतीने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला. हा वृत्तान्त वाचून गेलेल्या मुलाला तेच रान निराळे दिसेल आणि तो त्या पात्रात उताराची जागा शोधू लागेल.

माहितीनंतर नकाशा उघडावा. भोकरदन उत्तरेस, तर समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब दक्षिणेस, घनसावंगी तालुक्यात आहे. दोन्ही एकाच दिवसात कोंबली, तर दिवस रस्त्यातच सरेल. एक दिवस उत्तरेचा आणि एक दिवस दक्षिणेचा ठेवावा. भोकरदनच्या वाटेवर राजूरचा गणपती लागतो; तेथे चतुर्थीला मोठी गर्दी होते, हे तिथी पाहून आधीच ध्यानी घ्यावे. बरोबर आजी असेल, लहान भावंड असेल, तर त्यांच्या विसाव्याचा वेळही कागदावर मांडावा. सर्वांत मागे चालणाऱ्याला जो बेत झेपतो, तोच चांगला बेत.

दोन दिवसांचाही खर्च न पेलणारी घरे असतात. त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. जालना शहराला पाणी पुरवण्यासाठी निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. 2012-13 च्या दुष्काळात शहराला पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. तेव्हा गाळाने भरलेल्या या तलावाचे मोल लोकांना नव्याने कळले. नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन घातला. घागरीतले पाणी कोठून येते, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तो ते जपून वापरील. अशी सहल शिदोरी बांधून एका सकाळीही होते, आणि तिचे मोल कोणत्याही लांबच्या प्रवासाहून उणे नसते.

जांबचे समर्थ बारा वर्षे पायी देशभर हिंडले, असे सांगतात. त्यांनी गावे मोजली नाहीत. लोकांची स्थिती पाहिली. आजचा प्रवासी दोन दिवसांसाठी निघतो, तरी त्याला हीच दृष्टी ठेवता येईल. अशी दृष्टी असलेला मनुष्य जुन्या भिंतीवर आपले नाव खरडत नाही आणि तलावाच्या काठी कचरा टाकीत नाही. कारण ती वास्तू आणि तो तलाव त्याला परके राहिलेले नसतात. जे नीट पाहिले जाते, तेच पुढे जपले जाते.