आजोळचे छायाचित्रण

उत्तम छायाचित्रे काढावयाची तर काश्मीर गाठले पाहिजे, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नव्हे. जे मूल दर सुट्टीत चांदवडला आजोळी जाते, त्याला हा अभ्यास तेथेच अधिक चांगला साधेल. परक्या गावी प्रवासी एकदाच जातो. उजेड प्रतिकूल असला तरी घाईने चित्र घेऊन पुढे निघतो. आजोळी उद्या पुन्हा जाता येते.

चांदवडचा रंगमहाल पाहा. होळकरांच्या या वाड्यात लाकडावर बारीक कोरीव काम आहे. उजेड समोरून पडला, की ते सपाट दिसते. तोच बाजूने तिरपा आला, की खोलगट भागांत सावल्या भरतात आणि नक्षी उठून दिसते. एकाच खांबाची तीन वेळी काढलेली चित्रे शेजारी ठेवावीत, म्हणजे हा फरक ध्यानी येईल. पूर्वी एका रिळात फार तर 36 चित्रे निघत, म्हणून लोक कळ दाबण्यापूर्वी विचार करीत. ती सवय रिळाबरोबर गेली, हे काही बरे झाले नाही.

अहिल्याबाई 1795 साली निवर्तल्या. त्यांच्या काळचे लाकूड अमर नाही. उद्या एखादी कड तुटलीच, तर दुरुस्ती करणाऱ्यांना जुन्या चित्रांचाच आधार लागतो.

रेणुकामातेच्या देवळात मात्र आधी परवानगी घ्यावी. पायरीवर विसावलेल्या म्हातारीचीसुद्धा. आणि आजीचे चित्र घ्यावयाचे, तर तिला नवे लुगडे नेसवून भिंतीपाशी उभे करू नये. ती रोज जेथे निवडण-टिपण करीत बसते, तेथेच, दारातून येणाऱ्या उजेडात घ्यावे.