खोडलेली ओळ

रात्रपाळी करून सूतगिरणीच्या रिंगखात्यातून सुटलो, आणि केसांतला कापूस न झटकताच वस्तीतल्या मीटिंगला गेलो. निवडणुकीच्या मागण्यांची यादी चालली होती. मी म्हणालो, पहिली ओळ लिहा : गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा. आपल्यातलाच एक शिकलेला पोरगा बोलला, "गायरानाचं नको भावा. त्यावर कोण निवडून येतंय?" ओळ खोडली. उरलं काय? समाजमंदिर, कमान आणि चौकातला दिवा.

दोस्तहो, ती ओळ कुठल्या पाटलानं खोडली नाही. आपल्याच पेनानं खोडली. माझं भांडण त्या पेनाशी आहे.

1937 ची निवडणूक आठवा. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा वर्षाचासुद्धा नव्हता. सत्ता काँग्रेसची, आपले मूठभर. तरी त्याच साली बाबासाहेबांनी कोकणातली खोती मोडायचं बिल मांडलं. ते पास होणार नाही, हे काय त्यांना कळत नव्हतं? 1938 च्या जानेवारीत हजारो कुळं मुंबईत कौन्सिलवर चालून आली. बिल पडून राहिलं. पण खोत म्हणजे जन्माचा धनी, ही समजूत तिथंच तडकली. 1949 ला खोती रद्द करणारा कायदा झाला, तोही काँग्रेसच्याच राजवटीत. बारा वर्षांत अशक्य गोष्ट सरकारी कागदावर आली.

आता उलटं बघा. 1959 ला आणि पुन्हा 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. आयाबाया पोरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. 1967 ला काँग्रेसशी युती झाली. मग कुणाला जागा, कुणाला कमिटी, कुणाला महामंडळ. जमीन एका दिवसात कुणी सोडली नाही. दर निवडणुकीला ती एकेक ओळ खाली सरकली. सरकत सरकत कागदाबाहेर पडली, नि मग डोक्याबाहेर. आज ती मागणारा येडा ठरतो, तोही आपल्यात!

निवडणूक अशी काम करते. नुसता आमदार निवडत नाही. कशाला शक्य म्हणायचं, कशाला येडेपणा, तेही निवडते.

म्हणून मतपेटी फेकून द्या असं मी म्हणत नाही. 1974 च्या जानेवारीत पँथरनं मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. त्याच महिन्यात वरळी पेटली, भागवत जाधव शहीद झाला. काँग्रेसचा उमेदवार पडला, सत्तेला धडकी भरली. पण बहिष्कार एकदा दणका देतो. दर पाच वर्षांनी घरी बसलो, तर यादी दुसराच कुणी लिहील.

तेव्हा उभे रहा, पडा, पुन्हा उभे रहा. पण पडायच्या भीतीनं मागणी कापू नका. मागणी कापून निवडून आलेला आपला माणूस तिथं जाऊन काय मागणार? दिवाच ना?

आज पाळीवर जायच्या आधी मी ती ओळ पुन्हा लिहिणार. एक नंबरला. खोडायची असेल त्यानं माझ्यासमोर खोडावी.

जयभीम.