हेरपटावरील मत आणि देशनिष्ठेची परीक्षा




गुप्तहेरांच्या कामगिरीवर रचलेले मारधाडीचे थरारपट, ज्यांना येथे सोयीसाठी हेरपट म्हटले आहे, प्रदर्शित झाले की त्यांच्याविषयीचे मत ही चित्रपटाची पारख न राहता मत देणाऱ्याच्या देशनिष्ठेची परीक्षा होऊन बसते. ही रीत चित्रपटकलेला, प्रेक्षकाला आणि ज्यांच्या बलिदानाचा हवाला दिला जातो त्या जवानांनाही न्याय देणारी नाही. आदित्य धर दिग्दर्शित ‘धुरंधर’ हा ५ डिसेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेला, साडेतीन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या उणिवा दाखवणाऱ्या समीक्षकांवर इतके वैयक्तिक हल्ले झाले की फिल्म क्रिटिक्स गिल्ड या समीक्षकांच्या संघटनेला जाहीर निषेध नोंदवावा लागला. दुसऱ्या बाजूने, चित्रपट आवडलेल्या सामान्य प्रेक्षकाला भोळा आणि भडकलेला ठरवण्याची घाईही कमी झाली नाही.

यवतमाळ जिल्ह्याला या प्रश्नाकडे परक्याच्या नजरेने पाहता येत नाही. १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथील लष्करी तळावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात जे जवान हुतात्मा झाले, त्यांत वणी तालुक्यातील एक तरुण होता. त्या हल्ल्यावर आणि त्यानंतर नियंत्रण रेषेपलीकडे झालेल्या लष्करी कारवाईवर आधारलेला, याच दिग्दर्शकाचा ‘उरी : द सर्जिकल स्ट्राइक’ ११ जानेवारी २०१९ रोजी पडद्यावर आला, तेव्हा त्याला या जिल्ह्यात कोणी टाळ्या दिल्या असतील, तर त्यांमागे प्रचाराचा प्रभाव नव्हे, तर आपल्या मातीतला माणूस गमावल्याचे खरे दुःख असू शकते, हे महानगरांतील टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवे. मात्र त्या टाळ्या मूळ घटनेला मिळालेला प्रतिसाद असतात. चित्रपटाची पटकथा, अभिनय, संकलन आणि सत्यनिष्ठा यांवरचा तो निर्णय नसतो. घटनेविषयीचे मत आणि चित्रपटाविषयीचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हेरपटांवरील जवळजवळ सर्व भांडणे त्या एकच मानल्यामुळे उद्भवतात. हुतात्म्यापुढे नतमस्तक होणाऱ्या माणसाला ‘उरी’चा नायक विहान शेरगिल ही कल्पित व्यक्तिरेखा आहे आणि ती अमुक प्रसंगी पटत नाही, असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

‘उरी’ प्रदर्शित झाला त्याच दिवशी यवतमाळात ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला प्रारंभ झाला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण, संमेलन उधळण्याच्या धमक्यांनंतर, मागे घेण्यात आले होते. न झालेले त्यांचे भाषण मग मराठीत छापून आले, आणि संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच त्या निर्णयाविषयी नापसंती व्यक्त केली. जे मत ऐकूही द्यायचे नाही असे ठरले, ते अधिक लांबवर पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात १९८९ साली निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य झुकवता येणार नाही, असा निर्वाळा दिला, तो एका चित्रपटाच्याच संदर्भात. या निर्वाळ्याचे संरक्षण जसे ‘धुरंधर’च्या निर्मात्याला मिळते तसेच ‘धुरंधर’ न आवडलेल्या प्रेक्षकालाही मिळायला हवे.

हेरपटाबाबत प्रेक्षकाने चौकस असणे अधिकच गरजेचे आहे, कारण या प्रकारात सत्य आणि कल्पित यांचे मिश्रण मुद्दाम बेमालूम केलेले असते. ‘धुरंधर’मध्ये १९९९चे विमान अपहरण, २००१चा संसदेवरील हल्ला आणि २००८चा मुंबईवरील हल्ला या घडलेल्या घटना आहेत; कराचीच्या ल्यारी भागातील टोळीप्रमुख रहमान डकैत आणि पोलीस अधिकारी चौधरी अस्लम ही माणसेही खरोखर होती, त्यांतील पहिला २००९ साली पोलिसांच्या गोळीबारात आणि दुसरा २०१४ साली बॉम्बहल्ल्यात मारला गेला. नायकाची कथा मात्र रचलेली आहे, आणि खऱ्या नावांच्या शेजारी बसवल्यामुळे तीही इतिहास वाटू लागते. सुरुवातीला क्षणभर झळकणारी ‘ही काल्पनिक कथा आहे’ ही सूचना त्या परिणामापुढे टिकत नाही. याउलट १९७१च्या युद्धाच्या पार्श्वभूमीवरील मेघना गुलजार यांच्या ‘राझी’ने (२०१८) हेर झालेल्या तरुणीला आपल्या कृत्याची बोच लागते हेही दाखवले, आणि त्यामुळे तिची देशसेवा उणी ठरली नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे दोन मोठे वर्ग सांगितले आहेत : एका जागी राहून माहिती मिळवणारे ‘संस्था’ आणि फिरते ‘संचार’. तेथेच असाही नियम आहे की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांच्या बातम्या जुळल्याखेरीज बातमीवर विश्वास ठेवू नये. म्हणजे हेरगिरीच्या या प्राचीन शास्त्राने राजालाच पडताळणीची सक्ती केली. हेरगिरीवर बेतलेला चित्रपट पाहणाऱ्याने काहीच पडताळू नये, असा आग्रह कोणत्या आधारावर धरला जातो, हे आग्रह धरणाऱ्यांनी सांगावे.

जिल्ह्यातील वृत्तपत्रांकडून यासाठी दोन गोष्टींची अपेक्षा आहे. यवतमाळ, वणी, पुसद किंवा उमरखेड येथे असा चित्रपट लागला की परीक्षणासोबत त्यातील कोणती माणसे व घटना खऱ्या आणि कोणत्या रचलेल्या, याची छोटी चौकट द्यावी. ‘धुरंधर’सारख्या चित्रपटाला ‘ए’, म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र असल्यास तेही त्यात ठळक छापावे, कारण मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना ते अनेकदा तिकीट काढल्यावरच कळते. आणि वाचकांच्या पत्रांत अनुकूल मत छापले जाईल त्याच दिवशी, त्याच पानावर, तेवढीच जागा देऊन प्रतिकूल मतही छापावे, मग ते संपादकांना स्वतःला पटो वा न पटो.

— एक वाचक, यवतमाळ